झोळीतून दिसतो तेवढा समुद्र

“बोंबील वाळत घातल्यासारखं काय टांगून ठेवलंयस गं मला? उतरव की!”

मित्रांनो, ही तक्रार माझ्याबद्दल आहे. रोज सकाळी न्याहारीच्या आधी ती अगदी माझ्या कानाशी होते. मला कान नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण प्रमोदिनीकाकूंचं तोंड तेव्हा माझ्या दांडीपासून वीतभरच लांब असतं, त्यामुळे एकही शब्द वाया जात नाही.

मी एक जुनी लिफ्ट आहे. मजले चढणारी नव्हे, माणसं उचलणारी. ज्यांना पायावर उभं राहता येत नाही, त्यांना मी पलंगावरून खुर्चीत ठेवते आणि खुर्चीतून पलंगावर. मला चार चाकं आहेत, एक खांब आहे, खांबाला एक लांब हात आहे. हाताच्या टोकाला दांडी, दांडीला आकडे आणि आकड्यांना अडकवलेली कापडी झोळी. तान्ह्या बाळाची झोळी तुम्ही पाहिली असेल. ही तशीच, फक्त हिच्यात बसणाऱ्याला नातवंडं असतात.

नेदरलँड्समध्ये काटवाइकच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला एक शुश्रूषागृह आहे. त्याच्या जुन्या बाजूला, पहिल्या मजल्यावर माझा मुक्काम असतो. घरी सांभाळणं शक्य नाही अशी म्हातारी माणसं इथे राहायला येतात. आलेला माणूस सहसा परत जात नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. सकाळी कॉफी मिळते. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि लगेच डब्याचं झाकण लागतं. मग दुपार होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून, जोडून मला उभं केलं आणि पांढरा रंग दिला. रंग देणाऱ्या बाईचं लक्ष कुठेतरी दुसरीकडे असावं, कारण माझ्या डाव्या पायावर रंगाचा एक ओघळ राहून गेला. तो अजून आहे. मी इथे आले त्या दिवशी इथल्या मुलींनी केक कापला होता. तोवर त्या दोघी-दोघी मिळून माणसांना काखेत धरून उचलत आणि संध्याकाळी कमरेला हात लावून घरी जात. माझ्या खांबाला त्यांनी लाल रिबीन बांधली. केक मात्र त्यांनीच खाल्ला.

त्यानंतर मी पुष्कळ माणसं उचलली. काही जण झोळीत गाणी म्हणत, काही घाबरून माझा खांब धरत. एक निवृत्त मास्तर हवेत गेले की डोळे मिटून घेत आणि खाली टेकल्यावर ‘पोहोचलो’ असं म्हणत. मग एखाद्या दिवशी खोलीच्या दारावरचं नाव बदलायचं आणि त्याच खोलीत मी दुसऱ्या कोणाला तरी उचलायची. वाईट वाटायचं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटायचं. वाटून घेणं माझ्या कामात बसत नाही. वर जायचं, थांबायचं, खाली यायचं, एवढंच माझं काम.

पुढे समुद्राच्या बाजूला नवीन खोल्या बांधल्या. तिथे छतालाच रूळ बसवले आहेत आणि त्यांवरून झोळी आवाज न करता सरकते. तेव्हापासून माझं कौतुक संपलं. बरेच दिवस मी चादरींच्या कोठीत, प्लास्टिकच्या नाताळच्या झाडाशेजारी उभी होते. ते झाड वर्षातून एकदा तरी बाहेर जायचं. पण जुन्या बाजूच्या छताला रुळांचा भार पेलेना, म्हणून मला पुन्हा बाहेर काढलं, चाकांत तेल घातलं आणि नंतर एके दिवशी प्रमोदिनीकाकूंच्या खोलीत आणून उभं केलं.

काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन लायडनला आल्या. नवरा, नरेंद्र, तिथल्या विद्यापीठात संशोधक होता. तो गेल्यावरही त्या त्याच घरात एकट्या राहत होत्या. मग मेंदूला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, डाव्या पायातही जोर उरला नाही आणि आणखी एक गोष्ट गेली, त्यांची डच भाषा. सुपरमार्केटात, डॉक्टरकडे, शेजारणीशी कुंपणावरून भांडताना इतकी वर्षं उपयोगी पडलेली ती भाषा पुसल्यासारखी गेली, बोलता येईना आणि ऐकून कळेनाही. डोकं शाबूत राहिलं, जीभ शाबूत राहिली, पण त्या जिभेवर मराठी तेवढी उरली.

आमच्याकडे मराठी कळणारी एकच, मंजूषा. ती नवऱ्याच्या नोकरीमागे या देशात आली, काही वर्षं घरात बसून कंटाळली आणि शुश्रूषेचं शिक्षण घेऊन इथे कामाला लागली. काकूंना रोज सकाळी उचलायला ती आणि तिची जोडीदारीण इनेका येतात. मला चालवताना दोन माणसं लागतातच, असा नियम आहे. एक बटण दाबते, दुसरी पाय सांभाळते.

एका सकाळी काकू नेहमीप्रमाणे बोंबलांचं काढून कुरकुरल्या आणि मंजूषाने खाली न्यायचं बटण दाबलं, तशा एकदम ओरडल्या, “थांब, थांब! एवढ्यात नको!”

“आता काय झालं काकू? आत्ताच तर उतरव म्हणत होतात.”

“अगं, पाणी दिसतंय.”

खरंच दिसत होतं. त्या खोलीत पलंगावरून नुसतं आभाळ दिसतं. खुर्चीतून वाळूची टेकडी आणि तिच्यावरचं गवत दिसतं. पण मी माणसाला पूर्ण वर उचललं की टेकडीच्या माथ्यावरून समुद्राची एक पट्टी दिसते, बोटभर जाडीची, करडी. तेव्हापासून मंजूषा रोज वर गेल्यावर बटणावरचा अंगठा थोडा वेळ उचलून ठेवते. इनेका घड्याळाकडे बघते आणि पाय धरून उभी राहते.

“आमच्याकडचा समुद्र असा मेंगळट नव्हता,” असं काकू रोज म्हणतात. आणि रोज बघतात.

आता मुख्य गोष्ट सांगते.

काकूंचा मुलगा अभिराम आइंडहोवनला असतो. संगणकाच्या चिप तयार करणाऱ्या यंत्रांवर काम करतो. दर रविवारी तो येतो. तो आला असताना एकदा डॉक्टरीणबाई खोलीत आल्या. मी कोपऱ्यात उभी होते, माझी बॅटरी चार्ज होत होती. मंजूषा झोळीची घडी घालत होती. इथले डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. त्या बाई काकूंच्या समोर बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि डचमध्ये सरळ सांगून टाकलं. पायात ताकद परत येणार नाही. लायडनच्या घराचा जिना शिडीसारखा उभा आहे. तिथे दिवसरात्र दोन माणसं कोण देणार? घरी परत जाणं होणार नाही, यापुढे इथेच राहावं लागेल. एवढं बोलून त्यांनी अभिरामकडे पाहिलं. आता त्याने आईला मराठीत सांगायचं होतं.

अभिरामने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आई, डॉक्टर म्हणतायत, वेळ लागेल.”

“लागू दे की,” काकू म्हणाल्या. “मला कुठे आग विझवायला जायचंय?” आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघून छान मान डोलावली.

बाईंना वाटलं, म्हातारीने किती धीराने घेतलं! त्या काकूंचा हात दाबून गेल्या. मंजूषाने घडी घातलेली झोळी उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

असं ते राहून गेलं. डॉक्टरांना वाटतं, सांगून झालं. काकूंना वाटतं, वेळ लागणार आहे. त्यांची बॅग अजून उघडलेली नाही. नरेंद्रचा फोटो तिच्यात टॉवेलात गुंडाळून ठेवला आहे. मंजूषा म्हणाली, भिंतीवर लावू या. काकू म्हणाल्या, “राहू दे गं. परत खिळा उपटत बसायचा, आणि भिंतीला भोक पाडलं म्हणून ही डच माणसं बोलणार.”

मग समुद्राच्या बाजूची एक खोली रिकामी झाली. कशी झाली ते सांगायला नको. तिला जमिनीपर्यंत काच आहे. उशीवर डोकं ठेवलं तरी सगळा समुद्र दिसतो. ती खोली हवी का, ते पहिल्यांदा काकूंना विचारायचं ठरलं. मंजूषाने मराठीत विचारलं, तर काकू हसल्या.

“मला कशाला? जे कायमचे राहणारेत त्यांना द्या. मी काय, पायांनी जोर धरला की निघाले.”

इथे माणसाच्या इच्छेला फार मान असतो. बाई नको म्हणाल्या, म्हणजे नको. पंधरा दिवसांनी, सोमवारी ती खोली दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायचं ठरलं.

कॉरिडॉरमधून मला ढकलताना मंजूषा स्वतःशी पुटपुटायची. मी तिच्या पुढेच चालत असल्यामुळे मला ऐकू यायचं. “मी कोण सांगणारी? पोटचा मुलगा आहे ना त्यांना.” अभिरामलाही तिने कॉफीच्या यंत्रापाशी गाठून सांगितलं, “आठ दिवसांनी, सोमवारी ती खोली जाईल हं. काकूंशी बोला तुम्ही.” तो म्हणाला, “हो, हो, आज बोलतो.” मग खोलीत जाऊन तो हवेबद्दल बोलला, गाड्या उशिरा धावत होत्या त्याबद्दल बोलला, घरातल्या तुळशीला पाणी घातल्याचं सांगितलं. निघताना “येतो हं आई” म्हणाला आणि गेला.

त्याला लबाड म्हणू नका, मित्रांनो. मला तो कधी लबाड वाटला नाही, आणि वाटून घेणं माझं कामही नाही. पण एक गोष्ट मी पाहिली होती. मला खोलीत आणलं की तो उठून बाहेर जायचा. गाउनमधल्या आईला असं कापडात घालून उचलतात, ते मुलाने बघू नये, असं त्याचं होतं. काकूंचंही तसंच होतं. “तू बाहेर हो रे,” त्याच म्हणायच्या. त्यामुळे आई स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, हे त्याने ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. दाराबाहेर त्याला फक्त माझ्या मोटरचा आवाज यायचा. आत आल्यावर आई खुर्चीत बसलेली दिसायची, केस विंचरलेली.

मग त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी इनेका तापाने घरी होती. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. मंजूषाने मला आत ढकललं. अभिराम सवयीने उठला.

“आज बाहेर नाही जायचं,” मंजूषा म्हणाली. “दोन माणसं लागतात. बटण मी दाबते. तुम्ही पाय धरा.”

“मी? अहो, मला नाही येत ते.”

“एवढी मोठमोठी यंत्रं चालवता, आईचे दोन पाय धरता येत नाहीत?”

“मंजे, त्याला कशाला गं?” काकू म्हणाल्या. “जा रे तू बाहेर.”

तो गेला नाही. गोंधळून तिथेच उभा राहिला. मंजूषाने काकूंना कुशीवर वळवलं, पाठीखालून झोळी सरकवली, तिचे पट्टे माझ्या आकड्यांत अडकवले आणि बटण दाबलं. मी हात वर घेतला. काकू पलंगापासून सुटल्या. अभिरामने त्यांचे पाय धरले. लोकरीच्या मोज्यांतले ते पाय त्याच्या हातात नुसते पडून होते. त्यांनी जोर लावला नाही, झटका दिला नाही. तो ज्या बाजूला हात नेई त्या बाजूला ते जात. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

मित्रांनो, गोष्ट इथे थोडी थांबवते, कारण नंतर बोलायला जागा नाही. माझ्यासारख्या यंत्राची काळजी घेणं अवघड नाही. झोळीची शिवण उसवली नाही ना ते बघा, चाकांत अडकलेले केस काढा, बॅटरी चार्ज करा. माणसाची काळजी कशी घ्यायची, ते मला सगळं माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ज्याला आपण उचललं, त्याला कुठेतरी नीट टेकवायचं असतं. हवेत ठेवून निघून जायचं नसतं, मग आपला हात कितीही अवघडलेला असो. आणि हो, काकू त्या नव्या खोलीत गेल्या तर तिथे छताला रूळ आहेत. मी पुन्हा नाताळच्या झाडाशेजारी जाईन. त्याला माझी हरकत नाही. झाडाला माझी सवय आहे.

तर, मी पूर्ण वर गेले होते. मंजूषाने अंगठा बटणावरून उचलला.

“अभी, पाय काय बघतोयस? इकडे बघ,” काकू म्हणाल्या. डाव्या हाताने त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. “दिसलं का पाणी? खालून दिसत नाही. हिने उचललं की तेवढंच दिसतं.”

अभिरामने मान वर केली. तो उभाच होता, त्याला पाणी पहिल्यापासून दिसत होतं. दर रविवारी दिसत असणार.

“रोज हेच बघता, आई?” त्याने विचारलं. एरवी तो आईला अहोजाहो करत नाही. आज त्याच्या तोंडून तसं आलं.

“रोज. असू दे, आता थोडेच दिवस. जरा उभी राहायला लागले की तू गाडी घेऊन ये. जाता जाता त्या किनाऱ्यावर एकदा थांबू या, आणि मग घरी.”

मंजूषाने खाली पाहिलं. बटण तिच्या हातात होतं, तिने ते दाबलं नाही. काकूंच्या वजनाने मी थोडी झुलत होते. अभिरामचे हात अवघडले होते, पण त्याने पाय सोडले नाहीत.

“आई,” तो म्हणाला, “डॉक्टर वेळ लागेल असं म्हणाल्याच नव्हत्या. तू आता घरी येणार नाहीयेस. तुला इथेच राहायचंय, आई.”