ताईच्या नावाची नळी

बारकी सत्तेचाळीस वर्षांची होती. दुकानादुकानांतून वजनकाटे तपासायचं तिचं काम. दोन ग्रॅमचा फरक निघाला तरी ती काटा बंद करायला लावायची आणि दुकानदाराची गयावया कानाआड करायची. ताईच्या लेखी मात्र ती अजून बारकीच.

मागच्या वर्षी हृदयाच्या दवाखान्यातून ताईला एक नळी मिळाली. वडील पन्नाशीतच हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. ताईचं कोलेस्टेरॉल धड कमी नाही, धड जास्त नाही, आणि ते उतरवायच्या गोळीने तिच्या पोटऱ्या दुखायच्या. गोळी चालू ठेवायची की नाही हे ठरवायला डॉक्टरांना तिच्या जनुकांवरून काढलेला धोक्याचा आकडा हवा होता. त्यासाठी नळीत रेषेपर्यंत लाळ भरायची होती.

ताईची लॉन्ड्री होती. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून तिच्या तोंडाला कायम कोरड. पाऊण तास ती नळी धरून बसली.

"मनातल्या मनात सासूवर थुंकले, त्याच्या निम्मंसुद्धा येत नाहीये गं," ती म्हणाली.

नळी कशीबशी भरली आणि पोचवायचं काम बारकीने अंगावर घेतलं. दवाखान्याच्या दारात तिने पिशवीत हात घातला, तर ओलं लागलं. झाकण नीट बसलंच नव्हतं. वजनांच्या पेटीखाली नळी आडवी होऊन सगळं सांडलं होतं. ताईला पुन्हा पाऊण तास बसवायचं तिच्या जिवावर आलं. तिने खिडकीवरून दुसरी नळी मागून घेतली, जिन्यात उभं राहून दोन मिनिटांत स्वतः भरली आणि ताईच्या नावाने देऊन टाकली. एकाच आईबापाच्या लेकी, असून असून कितीसा फरक असणार?

आकडा अगदी खालचा आला. डॉक्टर म्हणाले, धोका कमी आहे आणि अशा लोकांना गोळीचा फायदाही तसा कमीच; त्रास होतोय तर बंद करून बघू. ताई खूश झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आपल्या हृदयाचं कौतुक ऐकवू लागली.

आठ महिन्यांनी, वडिलांच्या आजारामुळे, दवाखान्याने बारकीलाही तपासणीला बोलावलं. नर्सने नळी हातात दिली तेव्हा ती सहज म्हणाली, "बहिणीची झालीये. माझा आकडा तोच येईल ना?"

"छे हो! सख्ख्या बहिणी असल्या तरी एकीचा वर, एकीचा तळाला, असंही होतं," नर्स हसली. "अगदी तंतोतंत तोच आला, तर एकाच तोंडातून दोनदा थुंकलंय म्हणायचं!"

बारकीने कोरडी नळी टेबलावर ठेवली आणि ती तडक लॉन्ड्रीत गेली.

ताई चादरीची घडी घालत होती. बारकीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिशवी, झाकण, जिना. ताईने घडी पुरी केली.

"म्हणजे ते चांगलं हृदय तुझं."

"हो."

"आणि माझं?"

"माहीत नाही, ताई."

"नुसतं म्हणायचंस, ताई, सांडली. मी काय तुला खाल्लं असतं?" ताई इस्त्री बंद करून खुर्चीवर टेकली. "बाबा गेले तेव्हा माझ्याएवढेच होते गं."

या वेळी नळी ताईने स्वतः नेऊन दिली. 'मी येऊ का?' असं विचारायचा बारकीला धीर झाला नाही.

आकडा ऐकायला मात्र ताईने तिला सोबत नेलं. आला तो वरच्या टोकाचा. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हा तुमचा असेल, तर गोळीचा सर्वांत जास्त फायदा होतो तो तुमच्यासारख्यांनाच. मग आधीचा कुणाचा?"

"माझीच चूक," ताई म्हणाली. "तोंडाला कोरड होती, म्हणून दुसऱ्या कुणाची तरी भरून दिली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "शिकल्यासवरल्या दिसता! हा काय पोरखेळ आहे? आठ महिने तुम्ही स्वतःच्या जिवाशी खेळलात."

ताई मान खाली घालून ऐकत राहिली. बारकीने तिच्याकडे पाहिलं. ताईने टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. गप्प बस.

"डॉक्टर, ती लाळ माझी होती," बारकी म्हणाली. "तिने तिची भरून दिली होती. माझ्याकडून सांडली आणि मी कुणालाच सांगितलं नाही. हिला यातलं काही ठाऊक नव्हतं."

डॉक्टरांनी आधीच्या कागदावर काट मारली.

"या आठ महिन्यांत तिचं किती नुकसान झालं?" बारकीने विचारलं.

"ते कुणीच सांगू शकणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही. कदाचित काहीच नाही." त्यांनी गोळी लिहून दिली. पोटऱ्यांसाठी कमी ताकदीपासून सुरुवात करू म्हणाले.

बाहेर येताच ताई उखडली. "मला खोटं पाडलंस! मी ऐकून घेत होते ना?"

"म्हणूनच बोलले."

"मोठी आली शहाणी."

आठवड्याभरात ताईच्या पोटऱ्या पुन्हा धरल्या. लॉन्ड्रीच्या चार पायऱ्या ती कठडा धरून एकेक करत चढू लागली. बारकी मागे उभी राहायची. हात पुढे करावा की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.