तात्यांनी सांगितलेली खेळणी

किकवीच्या मानसिंग तात्यांना आजवर कुणी सल्ला म्हणून विचारला नव्हता. सोसायटीच्या सभेत ते बोलायला उठले की लोकांना नेमका चहा आठवायचा. आणि आता बघा, जगभर खेळणी विकणारी एक बडी कंपनी दर रविवारी दुपारी दोनला त्यांना प्रश्न विचारत होती.

कंपनी म्हणजे शिवानी, त्यांची एकुलती एक लेक. ती म्युनिकला त्या कंपनीत होती. आपल्याकडच्या खेड्यांत माल उतरवावा की नाही, याचा अभ्यास तिच्या गळ्यात पडला होता. "कंपनी यायची ठरली, तर पुण्यात ऑफिस निघंल तात्या. मग तीन वर्षं मी तिथंच," असं ती पहिल्याच फोनवर म्हणाली होती. त्या दिवशी तात्यांनी तिची खोली झाडून काढली.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. शिवानीचा फोन यायचा महिन्यातून एकदा. जेवलात का, गोळी घेतली का, की संपला. आता तो तास-तासभर चालू लागला.

"तात्या, गावातली पोरं कशानं खेळतात?"

तात्यांनी आपलं बालपण उपसायला घेतलं. चिखलाची बैलजोडी, गुलमोहराच्या शेंगेची तलवार, चपलेच्या तळव्याची चाकं लावलेला गाडा. शिवानी सगळं लिहून घ्यायची. तिच्या टायपिंगचा आवाज ऐकत बसणंसुद्धा तात्यांना गोड लागायचं. पण तीन रविवारांत बालपण संपलं. चौथ्या रविवारी काय सांगायचं?

मग त्यांनी बिनदिक्कत थापा मारायला सुरुवात केली. दुधी भोपळ्याचं जहाज. दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडाचं विमान.

"अजून खेळतात हे?" शिवानीनं विचारलं.

"खेळत्यात म्हंजे? येड लागलंय पोरांना. शेजारच्या साळूबाईचा नातू तर जेवायला उठत न्हाई."

"मग फोटो पाठवा ना."

झालं. तात्या आठवडाभर ओसरीवर दाभण, सुतळी घेऊन बसले. विमानाचा एक पंख काही केल्या टिकेना. बोटाला दोनदा दाभण लागलं. खेळायला पोर नसलेल्या घरात खेळणी तयार होत होती, आणि म्हातारा खुशीत होता.

खरं सांगायचं, तर किकवीची पोरं मोबाईलला चिकटलेली असायची. कापूरहोळला एसटी थांबली की दुकानापुढं लटकलेल्या प्लॅस्टिकच्या गाडीसाठी जमिनीवर लोळायची. साळूबाईच्या नातवाकडं तसल्या चार गाड्या होत्या. पण हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. शिवाय तात्यांचा हिशोब सरळ होता. जिथं बैल जास्त, तिथं बैलबाजार भरतो. मग जिथं खेळणी जास्त, तिथं खेळण्यांची कंपनी आल्याशिवाय कशी राहील?

अकराव्या रविवारी शिवानीचा आवाज फुललेला होता.

"तात्या, अहवाल मंजूर झाला. सगळ्यांनी नावाजला."

"मग कदी येतीस?"

"नाही ना येत. कंपनीनं खेड्यांत यायचंच नाही असं ठरवलंय. मीच तसं लिहिलं. पोरं घरच्या घरी एवढं बनवतात, तर विकत कोण घेणार? तुमचे फोटो बघून साहेब म्हणाले, गावातल्या मुलीशिवाय हे कुणाला कळलंच नसतं. मला बढती दिली, तात्या. आता चार वर्षं इथंच."

तात्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं: अगं, ते म्याच केलंय गं समदं. पण अहवालावर नाव शिवानीचं होतं. आता खरं बोलावं, तर तिचीच मान खाली जाणार.

"लई ब्येस झालं, पोरी," ते म्हणाले.

"नाराज नाही ना?"

"छ्या. नाराज कशापायी?"

"आणि आता तुमचीही सुटका. दर रविवारी माझे प्रश्न नकोत की काही नको."

"व्हय," तात्या म्हणाले. "माजी बी कामं खोळंबल्यात."

फोन ठेवून ते ओसरीवर बसून राहिले. लेकीला आपण आपल्याच हातानं चार वर्षं तिकडं ठेवून घेतलं, हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण असलं काही सांगावं असं माणूस त्यांना एकच होतं.