पुढच्या चाकाचे ब्रेक

फिलिपिन्समधल्या तागायतायला आमच्या गल्लीत घरच्या घरी ऑइल बदलणारा मी एकटाच. स्वतःच्या गाडीचं आणि सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या नानायच्याही. दर सहा महिन्यांनी जॅक लावायचा, काळं ऑइल तसराळ्यात सोडायचं, फिल्टर बदलायचा. सोबत करायच्या तपासणीची यादी मीच लिहून नानायच्या भिंतीवर चिकटवली होती. टायर, दिवे, पट्टा, पाण्याचे पाईप, ब्रेक. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे मी खूण करायचो. ब्रेकपुढची खूण मात्र मी पेडल दाबून करायचो. चाक खोलायला वेळ कोणाला?

जानेवारीत नानाय हॉर्न दुरुस्त करायला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या कुया सिमोंकडे गेल्या; कुया म्हणजे दादा, सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणते. त्यांनी सांगितलं, "नानाय, पुढचे ब्रेक पॅड संपलेत. तळ्याकडचा घाट उतरू नका."

मला राग आला. मी बघत असताना हा कोण सांगणारा? रविवारी चर्च सुटल्यावर गॅरेजपुढे चार माणसं कॉफी पीत उभी होती. त्यांच्यासमोर मी विचारलं, "एकटी म्हातारी बाई दिसली म्हणून घाबरवता काय हो?"

कुया सिमोंनी हात पुसले. "सर, चाक काढून बघा."

"मी दर वेळी बघतो. तुमच्यासारखं गिऱ्हाईक शोधत नाही!"

कोणीतरी हसलं. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे माझं बोलणं लोकांना पटकन खरं वाटतं.

पुढच्या शनिवारी नानायच्या गाडीचं ऑइल बदललं, आणि कुया सिमोंना खोटं पाडायचं म्हणूनच पुढचं चाक उतरवलं. पॅड झिजून नुसता पत्रा उरला होता. चकतीवर खोल चरे पडले होते. महिनाभर गाडी करकरत होती, ते मी धुळीवर ढकललं होतं. दुसऱ्या दिवशी नानाय माझ्याच मुलीला घेऊन तळ्याकाठी जाणार होत्या.

"झालं का रे, क्रिसान्तो?" नानायनी भाताची पेज ढवळत आतून विचारलं. "ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

चाक तसंच ठेवून माझी गाडी काढली, पलीकडच्या गावातून नवे पॅड आणले, गुपचूप बसवले. जुने कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. मग यादीवर ब्रेकपुढे खूण केली.

सोमवारी शेजारचा दोमेंग भेटला. "बरं झालं सर, त्या सिमोला झापलंत. मीही गाडी दुसरीकडे न्यायला लागलो." घरी येऊन मला जेवण गेलं नाही. बायकोने, मारिलूने, विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझी आई आणि आपली मुलगी, सान्तो. आणि तू कुयाचं नाव खराब केलंस." ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गॅरेजमध्ये कोणी नाही असं बघून मी गेलो. "कुया, माझं चुकलं. पॅड खरंच संपले होते."

ते एका स्कूटरवर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "तेव्हा चार माणसं होती, सर."

रविवारपर्यंत मला झोप नव्हती. चर्च सुटल्यावर तीच माणसं कॉफी घेऊन उभी होती, दोमेंगही होता. मी सगळ्यांसमोर बोललो. कुया खरं बोलले होते, मी कधीच चाक उघडून बघत नव्हतो, खोट्या खुणा करत होतो, हे सगळं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. दोमेंगने नजर खाली घातली.

कुया सिमोंनी ऐकून घेतलं. "माफ केलं" वगैरे काही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "मागची चाकं उघडली होती का?"

मी मान हलवली. नाही.

"गाडी घेऊन या. नानायना सोबत आणा, म्हणजे त्यांच्यासमोर बघू."

नानायना आणायला मी पायीच निघालो. त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं.