उघडच आहे

"तुमची हाफरकोर्न आज बोलणार ना? या की ऐकायला. मागच्या बाकावर जागा राखून ठेवतो," भर जिन्यात वाट अडवून डीन बुडेनबर्ग म्हणाले.

"माझे गुडघे गेलेत, डोळे नाही. जागा माझी मी शोधीन," प्रोफेसर टीडके म्हणाले.

"रागावू नका हो. आपल्या खुर्चीत कोण बसणार हे ठरत असताना जुन्या माणसानं मध्ये तोंड घालायचं नाही, असा रिवाज आहे. नुसती आठवण करून दिली."

"तुमच्या तोंडून रिवाज ऐकला की मला त्या रिवाजाचीच कीव येते."

झालं, सकाळची सलामी झडली. या दोघांमधून विस्तव जात नव्हता, आणि त्याचं कारण हाल्डेनबर्गच्या सगळ्या विद्यापीठाला पाठ होतं. बुडेनबर्गनी तरुणपणी बीजगणितावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. टीडकेंनी त्यावर अभिप्राय लिहिला आणि शेवटी म्हटलं, पुस्तकाचा कागद उत्तम आहे. अहो, एवढं एक वाक्य! पण त्यानंतर बुडेनबर्गनी त्यांना एकदाही सरळ नजरेनं पाहिलं नाही. आणि बुडेनबर्ग एकटेच कशाला? फोल्कमार टीडके नावाच्या माणसाने आयुष्यात ज्यांना ज्यांना म्हणून टोचलं नव्हतं, ते एकतर मेलेले होते किंवा गणितात नव्हते. आता उन्हाळी सत्र संपलं की ते निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागी कोण हे ठरवायला नेमके तेच सगळे टोचलेले लोक बसले होते.

टीडकेंना एकच माणूस त्या जागेवर हवा होता, एल्सबेट हाफरकोर्न. त्यांचीच विद्यार्थिनी. तिला जागा मिळाली नाही तर ती जागा बाहेरगावच्या एका गणकयंत्रवाल्याला जाणार आणि संमिश्र फलांचा, म्हणजे कॉम्प्लेक्स फंक्शन्सचा, विषय या गावातून कायमचा उठणार, हे चपराशालाही ठाऊक होतं.

"बाई हुशार आहेत, माझं काही म्हणणं नाही," बुडेनबर्ग दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळले. "पण तुमच्या सावलीत वाढल्यात. तुम्ही पूर्व म्हणालात की त्यांची पूर्व. कधी तुम्हाला 'नाही' म्हणाल्यात का? टीडके गेले आणि टीडकेच राहिले, असं आम्हाला नकोय."

टीडके जिना चढून गेले. पण ते बोलणं त्यांना दिवसभर खुपत राहिलं.

कारण ती 'नाही' म्हणाली होती. मार्चमध्ये, त्यांच्याच खोलीत, दार लावून. टीडकेंचं नाव ज्या प्रमेयामुळे पुस्तकांत छापलं गेलं, ते प्रमेय सांगायचं म्हणजे असं: वर्तुळाच्या कडेवर एवढ्याशा तुकड्यावर फल नीट वागलं, की ते कड ओलांडून पलीकडेही नेता येतं. तिशीत सिद्ध केलेलं. त्यावर खुर्ची मिळाली, मान मिळाला, आणि वाट्टेल त्याला वाट्टेल ते बोलायचा हक्क मिळाला असं त्यांनी मानलं. त्या सिद्धतेत एका जागी ते लिहून गेले होते, 'हे उघडच आहे'. हाफरकोर्नबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "प्रोफेसर, हे कुठे उघड आहे?"

त्या दिवशी ते तिच्यावर इतके ओरडले, की शेजारच्या खोलीतल्यांनी व्याख्यान थांबवलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच तिच्या दाराशी गेले. चूक होती. मान्य केलं. आणि तिने ती ज्या तऱ्हेनं बुजवली होती, त्याइतकं देखणं गणित त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. तेही त्यांनी तिला सांगितलं, आणि हे सांगताना त्यांना फार त्रास झाला.

व्याख्यान ठरल्या वेळेनंतर पाव तासाने, रिवाजाप्रमाणे, सुरू झालं. पुढच्या बाकांवर निवड समिती, मागे विद्यार्थी. टीडके भिंतीला टेकून शेवटच्या बाकावर. बाईंचा आवाज सुरुवातीला जरा कापला, मग लागला. अर्ध्या वाटेवर ती त्या ओळीपाशी आली आणि म्हणाली, "इथे प्रोफेसर टीडके यांच्या सुंदर सिद्धतेला मी एक छोटीशी पुरवणी जोडते."

पुरवणी! टीडकेंना घाम फुटला. वेडी पोरगी त्यांची अब्रू झाकत होती. भोक बुजवलं होतं तिनं, आणि सांगत होती की म्हातारबुवांच्या कोटाला नवं बटण लावलं. पुढे बुडेनबर्ग शेजारच्याकडे झुकून हसले. ते हसणं टीडकेंना पाठमोरं असूनही दिसलं. पाहिलंत, सावली! आता मत पडणार आणि बाई जाणार, ती नुसत्या चांगुलपणापायी.

तिला खूण करावी, तर ती समजायची नाही. आधी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. खोटं नाटक तिला जमणारं नव्हतं, उलट तिने जाऊन डीनला सगळं सांगितलं असतं. एकच गोष्ट हातात होती. हातात कसली, पायात!

टीडकेंनी बूट लाकडी जमिनीवर घासले.

पसंत पडलं तर बोटांची पेरं बाकावर वाजवायची आणि नापसंत पडलं तर बूट घासायचे, हे तिथे शेंबडं पोरही जाणतं. पण बूट घासतात ते विद्यार्थी. प्रोफेसराने घासलेले आणि तेही आपल्याच विद्यार्थिनीच्या व्याख्यानात, असं त्या सभागृहाने पाहिलं नव्हतं. खर्र, खर्र. सगळ्या माना मागे वळल्या.

"प्रोफेसर?" बाईंचा खडू फळ्यावर तसाच थांबला.

"पुरवणी कसली?" टीडके बसल्या जागेवरून गरजले. "माझ्या सिद्धतेला ठिगळं लागत नाहीत! माझ्या नावाला आपलं नाव चिकटवायचं असेल तर तसं सांगा. उगाच दयेचा आव कशाला?"

"मी तसं काही..."

"तर मग पुसा ते!"

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. टीडके जिवाच्या आकांताने मनात म्हणत होते, बोल. बोल गं बाई, एकदाची.

"नाही पुसणार," ती म्हणाली. "तुम्हालाच ऐकायचं असेल तर ऐका. मी पुरवणी म्हटलं ते खोटं होतं. सिद्धता चुकीची आहे. जे उघड आहे म्हणून तुम्ही पुढे गेलात, ते उघडही नाही आणि खरंही नाही. हे बघा."

आणि तिने फळ्यावर एक फल लिहिलं, सरळ, साधं, जे त्या ओळीला धादांत खोटं पाडत होतं. हे उदाहरण मार्चमध्ये तिने त्यांना दाखवलं नव्हतं. दाखवायला तिला जड गेलं असणार. टीडकेंनी ते वाचलं. घासलेले बूट नाटक होतं; आता आला तो राग मात्र अस्सल होता. चाळीस वर्षांची मिरास, आणि पोरीने दोन ओळींत उडवली! ते पुन्हा काही बोलायला उठले, आणि बसले.

तिने नवी सिद्धता शेवटपर्यंत मांडली. मग पुढच्या बाकावर कुणीतरी पेरं वाजवू लागलं. बुडेनबर्ग! तोंडभर हसत, दोन्ही हातांनी. त्यांच्यामागोमाग सगळी समिती, मग सगळं सभागृह. टीडकेंनी हात खिशात घातले आणि ते त्या आवाजातून बाहेर पडले.

ती त्यांच्या खोलीत आली तेव्हा ते टोपी शोधत होते.

"का?" तिने विचारलं. "तुम्ही स्वतः मान्य केलं होतंत. सुंदर आहे म्हणाला होतात."

"तेव्हा तुमची दया आली होती."

"मी तुमची लाज राखत होते तिथे!"

"मी मागितली होती का?"

तिने दाराची मूठ धरली. आता रडेल, असं त्यांना वाटलं. ती रडली नाही.

"लोक तुमच्याबद्दल बोलायचे तेव्हा मी भांडायचे सगळ्यांशी," ती म्हणाली. "उगाच भांडले. घरी मेटाबाईंना सांगा, रविवारच्या कॉफीला येणार नाही. यापुढे कधीच."

दार तिने आपटलं नाही. अगदी हळू लावून घेतलं.

समितीने एकमताने तिचं नाव दिलं. डीन बुडेनबर्ग गावभर सांगत फिरले, की बाईंना कणा आहे आणि तो टीडकेंना पुरून उरला. घरी मेटा, टीडकेंची थोरली बहीण, तीही फुरंगटून बसली.

"काय केलंस त्या पोरीचं? आलुबुखाराचा केक कुणासाठी करायचा मी आता? तुझ्यासाठी?"

"करू नकोस."

"मेलास तरी तुझी जीभ मागे राहील बघ, कुणाला तरी टोचायला!"

त्यांनी तिलाही काही सांगितलं नाही. मेटाच्या तोंडात तीळ भिजत नसे.

ऑक्टोबरात नवं सत्र सुरू झालं. टीडकेंना बोलावणं नव्हतंच. ते फिरायला म्हणून निघाले आणि पाय त्यांना मागच्या अंगणात, सभागृहाच्या उघड्या खिडकीखाली घेऊन गेले. आत तिचा आवाज होता, आता न कापणारा.

"जुनी सिद्धता इथे म्हणते, 'हे उघडच आहे'. या वर्गात हे तीन शब्द कुणी लिहिले, तर मी सगळी सिद्धता पुन्हा लिहायला लावीन."

जुनी सिद्धता. कुणाची, ते तिने सांगितलं नाही. पोरं हसली. तास संपला तसा बाकांवर पेरांचा गडगडाट झाला, आणि तो लवकर थांबेना. टीडकेंचा हात आपोआप उठला. खिडकीखालची भिंत दगडी होती. त्यांनी तिच्यावर पेरं वाजवली, चांगली जोराने, आतलं सगळं थांबेपर्यंत. दगडाचा काही आवाज झाला नाही.

"हे काय?" घरी मेटाने त्यांचा हात धरला. "सालटी निघालीत. कुणाशी भांडून आलास?"

"भिंतीशी."

"तेवढीच राहिली होती." तिने आयोडिनची बाटली आणली, कापूस आणला. कापूस बुडवता बुडवता, त्यांच्याकडे न बघता विचारलं, "हाफरकोर्नचा पहिला तास होता ना आज? कसा झाला म्हणतात?"

आयोडिन झोंबलं तसा त्यांनी हात मागे घेतला.

"कुणी बूट घासले नाहीत," ते म्हणाले.

मेटाने पट्टी बांधली. मग कपाटातून कॉफीचे कप काढले, दोनच.