हॅशनंतरची ओळ

माझ्या मुलाशी, नवनीतशी, मी शेवटचं बोललो ते असं: "तुझ्या हातात वस्तू दिली की मोडलीच!" तासाभरात शहाद्याच्या रस्त्यावर पपईच्या टेम्पोनं त्याला उडवलं. आठ महिने झाले. ते वाक्य काही घशाखाली उतरत नाही.

भांडण कशाचं, तर टचपॅडचं. लॅपटॉपवरचं चांगलं चालणारं विंडोज काढून त्यानं लिनक्स टाकलं होतं. म्हणे, जुन्या मशीनवर हलकं चालतं. डोंबल! एक दिवस बोट फिरवलं तर बाण जागचा हलेना. तो म्हणाला, "बापू, माउस जोडी देस," आणि त्यानं जोडलाही. मी तीन आठवडे रोज बोलत राहिलो.

ब्राह्मणपुरीत निम्म्या गावाचे अर्ज मीच टाइप करतो. निवृत्त मास्तराला दुसरा धंदा काय? टचपॅड बंद पडण्याआधी टाइप करताना अक्षरं भलत्याच ओळीत उडायची आणि मी मशीनला शिव्या घालायचो. लोक म्हणायचे, गुरुजींचा हात थरथरतो. मन्हा हात कोठे थरथरस? तरी वैद्याचं चूर्ण घेतलं, आणि खरंच, अक्षरं उडायची थांबली. गावभर सांगत सुटलो, चूर्णानं गुण आला.

परवा मनात आलं, हे टचपॅड सुरू करायचंच. सुरू झालं तर निदान माझं ते वाक्य खोटं पडेल. त्यानं काही मोडलं नव्हतं, एवढं तरी मला कळेल. म्हणून नवनीतच्या मित्राला, ईश्वरला, पुण्याला फोन लावला.

तो सांगेल ते मी काळ्या खिडकीत टाइप करत गेलो. आधी जोडलेल्या उपकरणांची यादी निघाली. कीबोर्ड होता, माउस होता, टचपॅडचं नावच नाही. "बापू, बिघडलं असतं तरी सहसा यादीत दिसतं," ईश्वर म्हणाला. "कोणीतरी मुद्दाम बंद केलंय." मग त्यानं एक फाइल उघडायला लावली. आत दोनच ओळी. खालची इंग्रजी, टचपॅडचा ड्रायव्हर सुरू करू नको असं सांगणारी. वरची हॅशचं चिन्ह टाकून, आपल्या बोलीत:

# बापूना हात थरथरस. तळवा टचपॅडले लागस, अक्षरं उडतस. म्हनीसन बंद. त्यासले सांगानं नही, वाईट वाटी.

"हॅशनंतरचं मशीन वाचत नाही, बापू," ईश्वर हळूच म्हणाला. "ते माणसासाठी असतं."

अक्षरं थांबली त्याच दिवशी बाण थांबला होता. एवढं साधं मला, जन्मभर पोरांना गणित शिकवणाऱ्याला, कळलं नाही. कपाळ माझं!

ईश्वरनं सांगितलं तसा खालच्या ओळीआधीही हॅश टाकला, मशीन बंद करून चालू केलं. बोट फिरवलं. बाण सरळ चालू लागला. मी बायकोला हाक मारली. कमल आली, पडद्याकडे बघून खाली बसली.

"माले म्हाइत व्हतं," ती म्हणाली.

मी ओरडलोच, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"त्या दिवशी तुम्ही बोलनात ना, तो बाहेर गाडी पुशी ऱ्हायनाता. मी म्हनलं, सांगी टाक बापूले. तो हसना. म्हने, ऱ्हाऊ दे आई, बोलू दे. चूर्णना गुण उना म्हनीसन कितला खूश शेतस बापू."

हसत गेला माझा पोरगा, माझं चूर्ण खरं ठेवून. आठ महिने मी बायकोसमोरसुद्धा रडलो नव्हतो. मग कमलच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लेकराच्या नावानं मोठ्यानं रडलो.