धबधब्याकडे पाठ

जयसिंगराव जाधव मेहमानदार होते. म्हणजे इंदूरच्या दरबारात बाहेरचा पाहुणा आला की त्याला उतरवून घ्यायचं, खाऊपिऊ घालायचं आणि आपला मुलूख दाखवायचा, हे त्यांचं काम. आता दरबार राहिला नव्हता. संस्थान जाऊन मध्यभारत झाला, मेहमानखान्याच्या मोटारी कुणाकुणाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि जयसिंगराव पेन्शन घेऊन मल्हारगंजातल्या भाड्याच्या माडीवर येऊन बसले. पण मेहमानदारी अशी अंगातून जाते थोडीच! दूधवाला दारात आला तरी हे खुर्चीतून उठायचे, "या, बसा, प्रवास कसा झाला?" म्हणायचे. तो बिचारा दोन गल्ल्यांवरून आलेला. "बस, भिया, चल रिया है," म्हणत हंडा घेऊन खाली पळायचा.

भानुमतीला हसू यायचं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिनं सगळा मुलूख याच माणसाच्या तोंडून ऐकला होता. दौऱ्यावरून आले की हातपाय धुऊन पाटावर बसायचे आणि जेवता जेवता सांगत सुटायचे. मांडूला जहाज महालाच्या गच्चीवर एका म्हाताऱ्या मडमेनं पायातले बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी फिरली. महेश्वरच्या घाटावर बंगालचा एक जाडजूड वकील पायरीवर बसला तो उठेचना, जेवण थंड झालं तरी उठेना. काचमंदिरात एक जपानी व्यापारी भिंतीतल्या आपल्याच चेहऱ्यांना वाकून वाकून नमस्कार करत राहिला. भानुमती पोळी वाढायची विसरायची. रात्री पडल्या पडल्या ती त्या गच्चीवरून अनवाणी चालायची, त्या पायरीवर बसायची, आणि पाण्याचा गारवा तिच्या तळपायांना खरोखर लागायचा.

प्रत्यक्षात तिनं यातलं काहीएक बघितलं नव्हतं. सरदार घराण्यातली सून ती. पडद्याच्या मोटारीतून माहेरी, पडद्याच्या मोटारीतून देवळात. नंतर काळ बदलला, पडदे गेले, पण तोवर मोटारही गेली होती आणि बाहेर पडायची सवय तर कधी लागलीच नव्हती. जवळच्या सराफा बाजारापर्यंत जायचं तरी ती आधी दहादा पदर नीट करायची.

आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जयसिंगरावांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. डॉक्टरांनी आत बोलावून बराच वेळ तपासलं. भानुमती बाहेर बाकावर देवाचं नाव घेत बसली होती. जयसिंगराव बाहेर आले ते हसतच.

"काचबिंदू म्हणतात. गेलेली नजर परत येत नाही, पण दिवाळीपर्यंत काही चिंता नाही. मग हळूहळू."

"हळूहळू काय?"

"हळूहळू तुम्हीच मला वाट दाखवायची," ते म्हणाले, जसं काही पाहुण्याला बग्गीऐवजी टांग्यानं नेताहेत इतकंच.

घरी आल्यावर भानुमती चुलीपुढे बसून पोटभर रडली. थोरल्या जाऊबाई, द्वारकाबाई, समाचाराला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, डोळे आहेत तोवर देवदर्शन करून घ्या. भावजींचं काय, त्यांनी सगळं जग बघितलंय!"

भानुमतीलाही तसंच वाटायचं. म्हणून एका दुपारी सुपारी कातरता कातरता तिनं सहज विचारलं, "तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त काय आवडलं हो? मांडू की महेश्वर? की तो महूजवळचा पाताळपाणीचा धबधबा?"

जयसिंगरावांनी सुपारीची खांडं या गालातून त्या गालात केली.

"मी कुठं बघितलंय?" ते म्हणाले.

"म्हणजे? तीस वर्षं काय डोळे मिटून फिरलात?"

"डोळे उघडे होते. पण पाहुण्याकडं. आमच्या वडिलांची, आबासाहेबांची शिकवण होती. पाहुण्याचं तोंड देखाव्याकडं, आपलं तोंड पाहुण्याकडं. मेहमानदारानं पाहुण्याला पाठ दाखवायची नाही, देवळात मूर्तीला दाखवत नाहीत तशी. पाताळपाणी तर नेहमी माझ्या पाठीमागं. आवाज ऐकलाय, अंगरखा भिजलाय. बघितला नाही."

"आणि पाहुणा गेल्यावर?"

"पाहुणा गेला की मी त्याच्याबरोबर गेलो."

भानुमतीच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. इतकी वर्षं या माणसानं आपल्याला मडमेचे बूट सांगितले, वकिलाचं जेवण सांगितलं. गच्ची कशी होती, नदी कशी होती, ते एकदाही सांगितलं नाही, आणि आपल्या ते ध्यानातही आलं नाही! तिला संताप आला. नवऱ्याचा आला, सासऱ्यांचा आला, त्या बूट काढणाऱ्या मडमेचासुद्धा आला. आणि मग तिनं आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही न विचारता काहीतरी ठरवलं. दिवाळीच्या आत या माणसाला तो धबधबा डोळ्यांनी दाखवायचा. मग पुढं जे व्हायचं ते होवो.

जयसिंगराव सुरुवातीला नको नको म्हणाले. मग एकदम, का कोण जाणे, तयार झाले. "तुम्ही येणार ना पण? येणार असाल तर जाऊ," असं दोन-तीनदा विचारून घेतलं.

गणपती उठले, पितृपंधरवडा सरत आला, आणि नवरात्राच्या आधी एका ढगाळ सकाळी दोघं गाडी पकडायला स्टेशनावर आली. जयसिंगरावांनी तिचा दंड धरला होता. भानुमती लाजून चूर झाली. घरातल्या घरातसुद्धा चारचौघांत तिच्या जवळ न उभा राहिलेला हा माणूस, भर स्टेशनात दंड धरून चालतोय! समोरची बाई बघत होती. बघू दे, असं तिनं मनात म्हटलं आणि पदर दहादा नीट करायचं ती त्या दिवशी विसरून गेली.

महू मागं पडलं आणि गाडी ढगात शिरली. आधी दूरचे डोंगर गेले, मग शेतं गेली, मग खिडकीबाहेरचे तारेचे खांबही एकेक करून पांढऱ्यात विरघळले. गाडी चालली होती की नुसती झुलत होती, ते कळेना. मधूनच एखादं पळसाचं झाड खिडकीशी यायचं, आत डोकावल्यासारखं करायचं आणि जायचं. डब्यातली माणसंही हळू आवाजात बोलायला लागली होती. भानुमतीला वाटलं, आपण रात्री पडल्या पडल्या ज्या मुलुखात फिरायचो तो हाच. इथं पाय टेकायची गरज नव्हती.

"काय दिसतं?" जयसिंगरावांनी विचारलं.

"काहीच नाही. सगळं ढगात आहे."

"हां, तेच म्हटलं मी," ते म्हणाले आणि समाधानानं मागं टेकले.

पाताळपाणी स्टेशनवर एक भिलीण ओल्या लाकडांवर भुट्टे भाजत होती. "बाईसाब, भुट्टो लई लो," म्हणून तिनं एक भानुमतीच्या हातात ठेवलाच. मीठ-लिंबू चोळलेलं ते कणीस तिनं खाल्लं, उभ्यानं, रस्त्यावर! सासूबाई वरून बघत असतील तर बघोत. रुळांच्या कडेनं पायवाट जात होती. ओलं गवत गुडघ्याला लागत होतं आणि पुढून कुठूनतरी एक घुमणारा आवाज येत होता. जवळ गेल्यावर तो आवाज पुढून येईनासा झाला. डावीकडून, उजवीकडून, पायाखालून, सगळीकडून यायला लागला.

"इथं एक सपाट खडक आहे बघा, काळा, ओट्याएवढा," जयसिंगराव म्हणाले. खडक होता. त्यांनी तिला त्यावर उभं केलं, खांद्याला धरून किंचित वळवलं, आणि स्वतः दोन पावलं पुढं होऊन तिच्याकडं तोंड करून उभे राहिले. हात मागं बांधले. छाती पुढं. साठीचा माणूस, पण एकदम तिशीतला दिसायला लागला.

"बाईसाहेब, ही चोरल नदी. इथून ती कड्यावरून खाली उडी घेते. खालचा डोह थेट पाताळापर्यंत जातो अशी लोकांची समजूत आहे."

बाईसाहेबांपुढं नुसता ढग होता. आणि त्या ढगापुढं पाठ करून उभा राहिलेला नवरा. अहो, याच्यासाठी का आणलं मी तुम्हाला? भानुमतीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना.

"तुम्ही इकडं या आधी. खडकावर."

"अहो, पण पाहुण्यानं..."

"पाहुणे आज तुम्ही!"

तिनं त्यांना हाताला धरून खडकावर चढवलं. पण ते परत तिच्याकडंच वळले. ती डावीकडं गेली की हे डावीकडं, उजवीकडं गेली की उजवीकडं. सूर्यफुलाची तऱ्हा. मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस असा वळायचा नाही. तीस वर्षांची मुरलेली सवय आहे, ती शब्दांनी सुटणार नाही. एकच उपाय होता. ती त्यांच्या समोर गेली, कड्याच्या बाजूला, आणि धबधब्याकडं पाठ करून उभी राहिली. आता हे आपल्याकडं बघतील आणि आपल्यामागं तो असेल.

तेवढ्यात तिच्या पाठीवर गार तुषार आले. मागून वारा सुटला. पलीकडे इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजची चार पोरं सहलीला आली होती, ती एकदम ओरडली, "वो देखो! क्या बात है, यार!" ढग उठला होता. भानुमतीला मान वळवायचा मोह इतका झाला की मानेची शीर दुखली. पण ती वळली नाही. तिला त्यांचा चेहरा बघायचा होता.

जयसिंगराव बघत होते. ओठांवर तेच अदबीचं हसू. "वा!" ते म्हणाले. "वा, काय शोभा आहे! दुधाची धार म्हणतात ती हीच. तुमच्यामुळं बघायला मिळाली."

पण ते बघत होते ते भलतीकडंच. तिच्या खांद्यावरून दूर उजवीकडं, जिथं तिलाही डोळ्याच्या कोपऱ्यातून सागाचं रान आणि एक बोडकी टेकडी दिसत होती, बाकी काही नाही. ती आवाज न करता बाजूला सरकली. त्यांची मान हलली नाही. ती नव्हती त्या जागेला जयसिंगराव अदबीनं सांगत होते, "फारच सुंदर, बाईसाहेब, फारच सुंदर."

"कधीपासून?" तिनं विचारलं.

ते दचकून आवाजाच्या रोखानं वळले. हसू गेलं.

"गणपती आले तेव्हा अंधुक होतं. उठले तेव्हा उजेड-अंधार तेवढा उरला."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी इतकी परकी का तुम्हाला? असं करतं का हो कुणी!" ती ओरडली. कॉलेजची पोरं वळून बघायला लागली. तिला पर्वा नव्हती. ती ढसाढसा रडत होती. "मी तुम्हाला दाखवायला आणलं होतं!"

"आणि मी तुम्हाला," जयसिंगराव म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही बाहेर पडायचं म्हणालात. तेही माझ्या डोळ्यांसाठी. डोळे गेलेत म्हटलं असतं तर पडला असतात घराबाहेर? घरात बसून माझ्या तोंडापुढं वाटी धरली असतीत. अख्ख्या दुनियेला दाखवलं हो मी. तुम्ही तेवढ्या राहिल्यात, याची फार लाज वाटते." त्यांचा आवाज फाटला. "दिसतो आहे ना? ढग नाही ना? मग माझ्याकडं काय बघता? बघा तिकडं!"

भानुमतीनं पदरानं डोळे पुसले.

"बघते. पण एकटी नाही बघायची. मी सांगणार, तुम्ही ऐकायचं. आणि तुमच्याकडं पाठ करावी लागेल मला."

"करा."

ती वळली.

जयसिंगरावांनी घाई केली नाही. ते तिच्या मागं येऊन उभे राहिले आणि चाचपडत तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"दूध नाही हो," ती शेवटी म्हणाली. "कुणी सांगितलं दूध? चहा आहे, चहा. वर कड्यावर चांगला दाट, तांबूस. अर्ध्यात येतो आणि मग कुठं त्यात दूध पडतं. खाली तर दिसतच नाही, नुसती वाफ."

जयसिंगरावांना हसू फुटलं. आधी खोकल्यासारखं आलं, मग मोठ्यानं, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरलं.

"तीस वर्षांत एकाही पाहुण्यानं मला हे सांगितलं नाही," ते म्हणाले. "सगळे नुसते आ वासून उभे राहायचे. सांगा. वरपासून सांगा."

आणि तिनं सांगितलं. कड्याच्या फटीत उगवलेलं उंबराचं झाड सांगितलं, धारेच्या आतबाहेर करणाऱ्या पाकोळ्या सांगितल्या, काळा खडक कुठं कुठं हिरवा झालाय ते सांगितलं. मधेच ढग येऊन सगळं झाकलं की दोघं तशीच उभी राहायची. तो उठला की जयसिंगराव तिचा खांदा हलकेच दाबून विचारायचे, "आता?"