मुद्दाम केलेली चूक

घरातसुद्धा त्यांना सगळे सरच म्हणत. बायको होती तेव्हा तीही सरच म्हणायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत बीजगणिताची शिकवणी काढली, आणि बायको गेल्यावर तर त्या शिकवणीवाचून त्यांना दुसरं काही उरलंच नाही. संध्याकाळी मुलं आली की म्हाताऱ्याच्या अंगात वारं संचारायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र माणूस भिंतीकडे बघत बसायचा.

सरांची एक खोड होती. फळ्यावर गणित सोडवताना ते मुद्दाम एक चूक करून ठेवत आणि साळसूदपणे पुढे जात. ज्याला ती सापडेल त्याच्या हाती खडू. त्यामुळे मुलं डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघत. सरांची लेक याच खोडीवर गणित शिकली आणि आता एका शाळेत गणितच शिकवत होती.

त्या दिवशी तिची शाळा लवकर सुटली, म्हणून ती घरी येऊन मागच्या बाकावर टेकली. घातांक चालले होते. सरांनी दोनचा पाचवा घात लिहिला, तीनचा चौथा घात लिहिला आणि मध्ये गुणाकाराची खूण केली. खाली उत्तरं मांडली: दहा आणि बारा.

"सर, सापडली!" दोन वेण्यांची एक मुलगी ताडकन उठली. "दोनचा पाचवा घात दहा कसा? पाच वेळा दोन घेऊन गुणायचे. बत्तीस!"

"आणि तीनचा चौथा एक्याऐंशी!" शेजारचा ओरडला. "आज दोन-दोन चुका!"

"शाब्बास!" सरांनी हसून खडू पुढे केला.

लेकही हसली. पायाला घातांकानं गुणून मोकळं व्हायचं, या चुकीची बाबांना आयुष्यभर चीड. शाळेत असताना असं करणाऱ्याला ते सळो की पळो करून सोडत.

मग सरांनी पाचचा चौथा घात लिहिला. शेजारी, अगदी सावकाश, वीस.

वर्गात हशा पिकला. लेकीच्या पुढचा मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "सर हल्ली रोज हीच चूक टाकतात यार. काही मजाच राहिली नाही."

एकच चूक दोनदा टाकणं बाबांना कमीपणाचं वाटायचं. आता तिला आणखी एक गोष्ट दिसली. बरोबर उत्तर ते स्वतः लिहीतच नव्हते. दर वेळी खडू मुलांच्या हाती जात होता, आणि मुलं लिहीत असताना सर परक्या गावातली पाटी वाचावी तसे फळ्याकडे बघत होते.

मुलं गेल्यावर तिनं दार लावलं.

"बाबा, आजची चूक मुद्दाम केली होतीत ना?"

सर बाकावर बसले आणि बोटांचा खडू पँटला पुसत राहिले.

"मी आज चूक टाकलीच नव्हती," ते म्हणाले. "कालही नाही. पोरं ओरडतात सापडली म्हणून, मी शाब्बास म्हणतो. अजून कुणाला कळलेलं नाही."

शिकवणी बंद करू या, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती उठून फळ्यापाशी गेली.

"तू मला एकदा समजावून दे," सर म्हणाले. "एवढंच तर आहे. आठवेल मला. मग उद्याचा वर्ग निभावेल."

तिनं खडू उचलला. "हा खालचा पाच म्हणजे पाया. वरचा चार म्हणजे घातांक. पाया किती वेळा घेऊन गुणायचा, ते तो सांगतो. पाच पाचे पंचवीस, पंचवीस पाचे सव्वाशे, सव्वाशे पाचे सव्वासहाशे."

"मग वीस का नाही?"

"पाच चारदा मिळवले तर वीस, बाबा. इथे मिळवायचे नाहीत, गुणायचे."

"हं. पण पाच चोक वीसच ना?"

तिनं पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा, एकेक पाच सुटा लिहून. या खेपेला सरांनी घाईघाईनं मान हलवली. "कळलं, कळलं."

काहीच न कळलेलं मूल मास्तरांनी एकदाचं पुढे जावं म्हणून जशी मान हलवतं, तशीच ती हलली होती. इतकी वर्षं वर्गात काढलेल्या लेकीला ते ओळखायला वेळ लागला नाही. तिनं खडू खाली ठेवला.

"उद्यापासून वर्ग मी घेते, बाबा."

सरांनी तो खडू उचलून हातात घेतला.

"मग संध्याकाळी मी काय करू?" त्यांनी विचारलं.